करवीरची पेठ व गडमुडशिंगीचे शेत : माप, पट्टी आणि दप्तर ह्यांविषयी काही विचार

आमच्या प्रांतात जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची संख्या लहान नाही. सनदा, महजर, निवाडपत्रे, वंशावळी, तहनामे ह्यांचा शोध आस्थेने होतो व त्याचे फळ आम्हां सर्वांस मिळते. तथापि एका जातीचा कागद आजवर कोणी आवडीने जमविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तो म्हणजे पट्टी. शेतकऱ्याने पेठेत नेलेला माल अडत्याने विकला म्हणजे वजन, भाव, वजावट व निव्वळ रक्कम ही एका चिठोऱ्यावर मांडून तो शेतकऱ्याच्या हाती देतो, त्यास पट्टी म्हणतात. पैसे हाती पडले की हा कागद चुलीत तरी जातो, नाहीतर पुडी बांधण्यास. ज्या व्यवहारावर राजा व रंक ह्या दोघांचेही ताट अवलंबून होते, त्याचा समकालीन पुरावा असा नाहीसा होत आला आहे.

प्रस्तुत लेखात एकच मुद्दा मांडण्याचे योजिले आहे. पिकविणारा व खाणारा ह्यांचे नाते मुख्यतः दोहोंमधील कोसांच्या अंतरावर ठरत नाही. तराजू कोणाच्या हाती आहे व हिशेब कोण लिहितो, ह्यांवर ते ठरते. आज शेतकऱ्याचा माल थेट गिऱ्हाइकाच्या दारी जावा अशी चर्चा सर्वत्र चालू आहे. ती नवी आहे असा समज असल्यास तो दूर व्हावा, व तिच्या जुन्या अंगांकडे संशोधकांचे लक्ष जावे, एवढाच आमचा हेतू.

उदाहरणासाठी करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव घेऊ. कोल्हापूर शहराच्या आग्नेय अंगास, बैलगाडी पहाटे जुंपली तर न्याहारीच्या वेळेस पेठेत पोहोचेल, एवढ्याच अंतरावर हे गाव आहे. अशा गावाचे व शहराचे नाते अगदी सरळ असले पाहिजे असे कोणासही वाटेल. पण सरळ वाट व सरळ व्यवहार ह्या भिन्न गोष्टी होत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम प्राचीन पुरावा पाहू. कोल्हापुरास शुक्रवार वेशीजवळ मिळालेला शके १०५८, म्हणजे इ. स. ११३५ चा कानडी शिलालेख विद्वानांस परिचित आहे. शिलाहार राजा गंडरादित्य ह्याच्या अमदानीतील हा लेख होय. त्याचा सामंत निंबदेवरस ह्याने कवडेगोळ्ळ येथील बाजारात पार्श्वनाथाची बसदी बांधविली, व निरनिराळ्या गावांच्या व्यापाऱ्यांनी एकत्र जमून बाजारात येणाऱ्या मालावर तिच्यासाठी ठरावीक देणगी लावून दिली, असा त्यातील मजकूर आहे. ह्या व्यापाऱ्यांचा संघ अय्यावोळे, म्हणजे आजचे ऐहोळे, ह्या स्थानाच्या नावाने प्रसिद्ध होता. लेखात बाजारास 'संते' हा शब्द आहे व कानडीत त्याचा अर्थ आठवड्याचा बाजार असा होतो. यावरून सुमारे नऊशे वर्षांपूर्वी येथे नियमित आठवडी बाजार भरत होता व त्यावर व्यापाऱ्यांच्या सुसंघटित मंडळाची सत्ता चालत होती, हे निर्विवाद ठरते. मात्र आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. मालावर किती द्यावे हे ठरविणारे व्यापारी होते, आणि ते दगडावर कोरविणारेही व्यापारीच. ज्याने माल पिकविला त्याचे नाव अशा लेखांत सहसा आढळत नाही. दान व्यापाऱ्याचे म्हणून नोंदले गेले, पण त्याचा भार मालाच्या किमतीतच कोठेतरी बसला असला पाहिजे.

येथे कोणी विचारील की, शेतकऱ्याने बाजार टाळून आपल्या शेतावरच माल का विकू नये? ह्या प्रश्नाचे अत्यंत स्पष्ट उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या बाविसाव्या अध्यायात, माल जेथे उत्पन्न होतो तेथेच तो विकू नये असा नियम सांगितला असून तो मोडणाऱ्यास दंडही लावून दिला आहे. फुलांच्या व फळांच्या वाडीतून परस्पर फुले-फळे उचलल्यास चौपन्न पण, व शेतातून परस्पर धान्य घेतल्यास त्रेपन्न पण, असे दंडाचे आकडे तेथे दिले आहेत. भाजी व कंदमुळे ह्यांसही निराळा दंड आहे. ह्याचे कारण गूढ नाही. नगराच्या वेशीवर शुल्क घेतले जाई, व माल वेशीतून न जाता परस्पर घरी गेला तर राजाचे शुल्क बुडे. म्हणजे ज्या व्यवहारास आज आपण थेट विक्री म्हणून गौरवितो, तो त्या ग्रंथाच्या दृष्टीने अपराध होता.

पण त्याच ग्रंथाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या अध्यायात तुला व माने ह्यांचा तपशीलवार विचार असून वजने-मापे दर चार महिन्यांनी तपासून घ्यावीत असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हीच तपासणी दर सहा महिन्यांनी करण्यास राजास सांगितले आहे. शेतावरची विक्री अडवून माल बाजारात आणावयास लावणे व बाजारात माप खरे ठेवणे, अशी ही जोडी आहे. पहिली गोष्ट राजाच्या हिताची व दुसरी प्रजेच्या हिताची. राज्य शहाणे असले म्हणजे दोन्ही चालत, आणि ते ढिले पडले म्हणजे पहिली तेवढी उरे व दुसरी लोपे. सदर ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या संग्रहात १९०५ साली आर. शामशास्त्री ह्यांच्या दृष्टीस पडली व १९०९ मध्ये तो छापून निघाला, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एक पोथी जपली गेली नसती तर बाजाराच्या ह्या सर्व विचारास आपण मुकलो असतो.

मराठी अमदानीकडे वळल्यास आधार अधिक जवळचे होतात. अठराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिले गेलेले रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सर्वांस ठाऊक आहे. त्यात सावकारांवर स्वतंत्र प्रकरण असून व्यापाऱ्यांस आश्रय द्यावा व पेठा वसवाव्यात असा उपदेश आहे. पेठ वसली की शेटे व महाजन ह्यांची वतने आली, मापाऱ्याचा हक्क आला, व प्रत्येक हक्काबरोबर मालातील एक मूठ, एक ओंजळ किंवा एक शेर बाजूस निघू लागला. धान्य त्या काळी बहुधा कैली मापाने, म्हणजे भरून, मोजीत. शेर, पायली, मण, खंडी ही नावे सर्वत्र एकच असली तरी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असा नेम नव्हता. माप भरताना शीग ठेवावी की हात फिरवून ती पाडावी, एवढ्याशा प्रश्नावर शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांचा निकाल लागे. मापांचा हा गोंधळ कायद्याने मिटण्यास १९५६ साल उजाडावे लागले, व दशमान वजने १९५८ पासून प्रचारात येऊ लागली. जुन्या जमाखर्चांचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच प्रत्येक कागदातील शेर कोणत्या पेठेचा हे आधी निश्चित केले पाहिजे. एरवी त्यावरून काढलेली धारण व्यर्थ होय.

आता अर्वाचीन काळ. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी १८९१ साली आली. शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला व १८९५ मध्ये शाहूपुरी ही नवी पेठ वसविली. गुळाच्या व्यापारास स्वतंत्र जागा व आगगाडीचे सान्निध्य मिळावे, हा तिचा मुख्य उपयोग झाला. पुढे राधानगरीच्या धरणाचे काम त्यांच्याच काळात हाती घेतले गेले व पंचगंगेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. कोल्हापूरच्या गुळास जी कीर्ती लाभली, तिचे मूळ येथे आहे. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण ह्या कीर्तीचा एक परिणाम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गूळ हा दूर जाणारा माल. गुऱ्हाळात काहिलीतून उतरलेली ढेप शाहूपुरीत आली की तिचे गिऱ्हाईक गुजराथेत किंवा मुंबईत असे. पिकविणाऱ्याने खाणाऱ्याचे तोंड पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. मध्ये अडत्या, खरेदीदार, हमाल, तोलणारा व वाहतूकदार असे पाच-सहा हात आले. हे सर्व लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडत्या शेतकऱ्यास हंगामापूर्वी उचल देई व माल येताच रोख रक्कम मोजी. गावात पेढी नव्हती व सरकारी कर्ज वेळेवर मिळत नव्हते, तेव्हा त्याच उचलीवर लग्नकार्ये झाली आणि विहिरीही खणल्या गेल्या. पण ज्याची उचल घेतली, त्याच्याच दुकानी माल टाकणे शेतकऱ्यास भाग पडे. मग अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, वजनातील कडता अशी वजावटीची ओळ पट्टीवर उतरे, व तिच्यावर बोट ठेवण्याचे धैर्य ऋणको माणसास होत नसे. देशातील अनेक पेठांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत होती. ज्याचा माल, तोच भावाच्या बोलणीत आंधळा, अशी ती स्थिती.

महात्मा फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली लिहिला. भाजीपाला घेऊन शहरात गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती जकात व दलाली वजा जाता काय उरते, ह्याचे जे वर्णन त्यात आले आहे ते पुण्याच्या आसमंतातील असले तरी कोणत्याही शहरास लागू पडेल. येथे हे ध्यानात धरले पाहिजे की, पुण्याची मंडई त्या शेतकऱ्यास दूर नव्हती. अंतर अल्प, ग्राहक समोर, तरीही नफा परका. आमच्या मुख्य मुद्द्यास याहून बळकट साक्ष कोणती हवी?

ह्यावर उपाय म्हणून बाजाराचे नियमन आले. हिंदुस्थानात ह्याचा आरंभ आपल्याच प्रांतात झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. वऱ्हाडातील कारंजे येथील कापसाचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला, व १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात अशा बाजारांची जोराने शिफारस केली. मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३९ साली झाला. कोल्हापूर त्या वेळी संस्थान होते, तरी येथेही १९४५ मध्ये बाजार समिती स्थापन झाली. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १९४९ साली. पुढे महाराष्ट्राचा बाजार कायदा १९६३ मध्ये झाला. ह्या सर्व कायद्यांचे सार असे की, लिलाव उघड व्हावा, वजन परवानाधारक तोलाऱ्याने करावे, वजावट ठरलेलीच असावी, व पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडावी. परंतु त्यांतच असेही आले की, नियमित मालाचा व्यापार ठरलेल्या आवारातच व्हावा. कौटिल्याने शुल्क बुडू नये म्हणून शेतावरची विक्री वर्ज्य केली, तर नव्या कायद्याने शेतकरी बुडू नये म्हणून व्यापार आवारात आणिला. हेतू परस्परविरुद्ध, पण वाट तीच. आणि वाट एकच राहिली म्हणजे तिच्या नाक्यावर बसणारे नवे लोक निर्माण होतात, हाही अनुभव जुनाच.

आता गडमुडशिंगीस परत येऊ, कारण ह्या गावाचा खरा संबंध गुळापेक्षा दुधाच्या इतिहासाशी अधिक आहे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, ज्यास लोक 'गोकुळ' म्हणून ओळखतात, तो १९६३ साली स्थापन झाला. गुजराथेत आणंद येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाचे हे धाकटे भावंड म्हणता येईल. ह्या संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना गडमुडशिंगी येथे आहे. म्हणजे पूर्वी ज्या गावातून माल केवळ शहराकडे जाई, त्या गावातून आज पेंड व खाद्याची पोती जिल्ह्यातील गावोगावच्या गोठ्यांकडे जातात, व त्या गोठ्यांतील दूध एकत्र होऊन कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील घरांत पोहोचते. साखळी लांब झाली, पण तिचा एक दुवा शेतकऱ्याच्या मालकीचा झाला.

ह्या व्यवस्थेचे मर्म आमच्या मते संकलनाच्या त्या छोट्याशा खोलीत आहे. उत्पादक सकाळ-सायंकाळ दूध घेऊन येतो, ते त्याच्या डोळ्यांदेखत मोजले जाते, त्यातील स्निग्धांश तपासला जातो, तो आकडा त्याच्या पुस्तकात लिहिला जातो, व दर दहा दिवसांनी त्याचे बिल होते. रुमालाखालची बोटे येथे नाहीत. ज्या बाईने म्हैस पोसली, ती अक्षरशत्रू असली तरी आजचा स्निग्धांश कालच्यापेक्षा का उतरला हे विचारू शकते. मुंबईतील गिऱ्हाइकाचे तोंड तिला कधी दिसत नाही, तरी तिचे माप उघड आहे. दूरची साखळीही प्रामाणिक असू शकते, ती ह्या अर्थी.

ह्याच्या उलट टोकास कोल्हापुरातील दूधकट्टा आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणी गवळी आपल्या म्हशी घेऊन येतात व गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात भरून देतात. तालमीतील मल्लांमुळे ही रीत विशेष प्रसिद्धीस आली. येथे अडत्या नाही व साखळीही नाही. गोठाच गिऱ्हाइकाच्या दारी आला आहे. पाणी घातले की नाही हा वाद येथे संभवतच नाही, कारण साक्षीदार स्वतः गिऱ्हाईक असते. एकाच शहरात दुधाच्या ह्या दोन्ही रीती शेजारी नांदतात व दोन्ही टिकून आहेत. ह्याचे कारण त्या दोहोंत समान असलेली एकच गोष्ट होय. माप दोन्ही पक्षांसमोर होते.

भाजीपाला व फळे ह्यांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने २०१६ साली बाजार आवाराबाहेरील व्यवहारावरचे नियमन उठविले व शहरोशहरी शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरविण्यास उत्तेजन दिले. संत सावता माळी ह्यांचे नाव ह्या मोहिमेस दिले गेले, हे उचितच झाले. २०२० च्या टाळेबंदीत मंडया बंद पडल्या, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी टेंपोत भाजी भरून ती सरळ वसाहतींच्या दारी नेली. त्याच वर्षी केंद्राने सर्वच शेतमालाचा व्यापार आवाराबाहेर खुला करणारा कायदा केला, पण मोठ्या आंदोलनानंतर तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला. परदेशांतही हाच शोध चालू आहे. जपानात १९७० नंतर गृहिणी व शेतकरी ह्यांनी परस्परांशी करार करून हंगामाचा माल आगाऊ ठरवून घेण्याची 'तेइकेइ' नावाची पद्धत रूढ केली. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास तशाच मंडळ्या निघाल्या. त्यांत गिऱ्हाईक केवळ माल घेत नाही. पीक बुडाले तर तोट्याचाही वाटा उचलते. आमच्या अडत्याची उचल जे काम करी, ते तेथे खाणारेच करितात, आणि त्यासाठी शेतकऱ्यास कोणाच्या दुकानाशी बांधून घ्यावे लागत नाही. हा भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे.

ह्यावरून थेट विक्रीच्या पुरस्कर्त्यांस इतिहासाचे सांगणे असे की, मधला माणूस काढल्याने काम पुरे होत नाही. तो जी चार कामे करीत होता, म्हणजे उचल देणे, तोलणे, लिहिणे व नुकसान सोसणे, ती पुढे कोण करणार हे आधी ठरवावे लागते. ज्या व्यवस्थेने ह्यांपैकी तोलणे व लिहिणे उघड्यावर आणिले, ती जगली. आणखी एक गोष्ट आहे. शहराजवळचे शेत शिल्लक असेल तरच जवळचा बाजार शिल्लक राहतो. गडमुडशिंगीच्या आसमंतात गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, व विमानतळाच्या विस्तारासाठी गावच्या जमिनी संपादिल्या गेल्या आहेत. त्यांची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. पण जे शेत न्याहारीच्या वेळेस शहरास भाजी पोहोचवीत असे, ते एकदा बिगरशेती झाले की त्याच्या जागी दूरचे शेत येते व त्याबरोबर पुन्हा चार हात येतात.

शेवटी संग्राहक बंधूंस एक विनंती. जुन्या अडत दुकानांच्या माळ्यांवर पट्ट्यांची पुस्तके, रोजकीर्दी, खतावण्या व उचलीच्या वह्या अद्याप असण्याचा संभव आहे. त्यांपैकी जुन्या मोडीत असतील. दुकाने मोडून इमारती उठत असता हे सर्व रद्दीत जाते. गावोगावच्या दूध संस्थांची प्रारंभीची हजेरीपुस्तके व सभासदांची दूधपुस्तके ह्यांचीही तीच गत होत आहे. नव्या कागदाची भीती तर ह्याहून अधिक आहे. आज यंत्रातून निघणारी पावती उष्णतेने उमटलेल्या अक्षरांची असते व काही महिन्यांत कोरी होते. तीनशे वर्षांपूर्वीची शाई आम्ही वाचू शकतो, पण गेल्या वर्षीच्या दुधाचा हिशेब वाचता येणार नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

म्हणून प्रत्येक संग्राहकाने आपल्या गावच्या निदान एका दुकानाचे व एका संस्थेचे दप्तर पाहावे. मालकाच्या संमतीने त्याची नक्कल किंवा छायाचित्रे घ्यावीत, कागदावर पेठ, वर्ष व माप ह्यांची नोंद करावी, आणि खाजगी ऋणाचा मजकूर असल्यास कुळाचे नाव गुप्त ठेवावे. मूळ कागद मिळाल्यास तो संशोधन संस्थेच्या किंवा पुरालेखागाराच्या स्वाधीन करावा. व्यापाऱ्यांनी आपले दान दगडावर कोरविले म्हणून ते टिकले. शेतकऱ्याची बाजू फक्त चिठोऱ्यावर लिहिली गेली आहे, आणि तेवढे जपणे तरी आमच्या हाती आहे.